नसीम, तू जुन्याचं नाव काहून घेतलं?

नसीम, तुह्या तीजाले, मातीच्या तिसऱ्या दिवशी, मी आलती. बायाईमंधी बसली, तुह्या अम्मीचा हात हातात घेतला, पन रडू आलं नाही. मले लवकर येत नाही, तुले माहीतच हाय. तथून उठली ते सीदी कापसाच्या जीनवर आली, काहून का रुईच्या गाठी बांधून पडल्या होत्या आन त्याईचे नंबर चढवाचे होते. कम्प्युटरची मशीन लावली. काया पडदा आला. त्याच्यावर तो पांढरा ठिपका लुकलुक, लुकलुक. एकचं बटन दाबलं, नवी गाठ. एक चढवली, दुसरी चढवली, आन मंग हात थांबला.

अम्मीनं जे सांगतलं ते डोक्यातून जाऊनच नाही राह्यलं. तेच तुले इचाराचं हाय. तू असती तं चहा पेता पेता तोंडावर इचारलं असतं. तू हासली असती, "मावशी, तुमी बी ना" म्हनली असती, आन खरं काही सांगतलंच नसतं. तुही सवय मले ठाऊक हाय. तरी इचारलं असतं.

तू कम्प्युटरवाली म्हनून आफिसात आली तवा माह्या हातात झाडू होता. त्याच्या आधी बारा-तेरा सालं म्या जीनच्या चौथऱ्यावर कापूस निवडला. पत्ती, किडकी कवडी, पोत्याच्या सुतळीचे तुकडे, सारं हातानं वेचाचं, मंग तो कापूस मशीनीत जाये. रुईचा धुराया छातीत बसला. खोकला असा धरे का उभी असली तं खाली बसो. डाक्टर म्हने, "बाई, आता रुईत पाय ठेवला तं माह्याकडे येऊ नोको." घरी बसून कसं जमन? मानूस जाऊन सहा सालं झालते. सेठले म्हनलं, आफिस झाडतो, पानी भरतो, पन धुरायात नोका पाठवू. सेठ हो म्हने.

तू मोटरसायकली सुधरवनाऱ्या बापाची पोरगी. ओढनीले पिन, पायात बूट, आन सकाऊनच्या पारी आली का पह्यले मले "जयभीम मावशी" म्हने. मी म्हनो, "सलाम बाई सलाम." सेठ चिश्म्यातून पाहे, का ह्या दोघीईचं काय सुरू हाय.

आन खुर्चीवर मले बसवलं कोनं? तुह्या मेंदीनं बसवलं. ईदेच्या आदल्या दिवशी तू दोन्ही हाताले मेंदी लावून आली, वली, टपटप. तिकडून काट्यावरचा किसनभाऊ खिडकीतून बोंबलून राह्यला, "गाठ एकशे चौदा! वजन एकशे अडुसष्ट! जात एक!" गाठीवर गाठी येऊन राह्यल्या आन तू हात वर करून उभी, जसं कोनी चोर पकडला.

"मावशी, बसा खुर्चीवर. मी सांगतो तसं दाबा."

"माह्यानं बिघडलं तं?"

"बिघडलं तं माहं नाव सांगजा. आन बटनाले मेंदी लागली तं सेठ दोघीलेबी काढन."

मी चवथीपर्यंत शिकली, त्यातबी अर्धं साल निंदाले गेली. इंग्रजी येत नाही. पन आकडे ओयखू येत, एस.टी.च्या पाटीवरचे, काट्यावरचे. तू सांगतलं, गाठीचा नंबर टाका आन हे मोठं बटन दाबा. ठिपका आपोआप खाली उतरते. मंग वजन, आन तेच बटन. मंग जातीचा आकडा, लांब धाग्याची असली तं एक, मधली असली तं दोन, आन तेच बटन. झालं, गाठ चढली, पडदा साफ. पुढची बोला. त्या दिवशी म्या किती गाठी चढवल्या, ते मोजल्या नाही, पन संध्याकायी किसनभाऊ म्हने, "कोनती मॅडम बसली होती वं? नसीमपेक्षा लवकर हो म्हनत होती."

तवापासून तू कागद काढे, फायली सुधरवे, बाहेरच्या मिलवाल्याचा फोन आला का अमुक नंबरची गाठ कोनत्या लॉटची, तं पाहून सांगे. आन नंबर मी चढवो. चौथऱ्यावरच्या बायाईनं मले लय बोललं. "कौसाबाई साहेब झाली! आता आपल्या डब्यातलं खाइन का नाही?" मी म्हनो, चटनी असन तं खाइन.

मंग ते सालं आले. तुले सांगाची गरज नाही, तू बी त्याच खिडकीतून पाह्यलं. पह्यले जीनच्या फाटकापासून पार डांबरी रोडपर्यंत कापसाच्या गाड्या लागत, बैल तथीच बसून रवंथ करत. मंग गाड्या कमी झाल्या. दोन शिफ्टची एक झाली. सेठनं चौथऱ्यावरच्या अर्ध्या बाया कमी केल्या. ज्याईनं मले साहेब म्हनलं होतं त्याच माह्यासमोरून डबा घेऊन फाटकातून गेल्या. मले कोनी कमी केलं नाही. काहून का मी त्या काया पडद्यासमोर होती, आन ते बटनं माह्या हाताले पाठ होते. मले दिसून राह्यलं होतं, ही खुर्ची गेली तं मले दोनच जागा. घर, नाही तं धुराया.

आन त्याच साली नागपूरचा मानूस आला, नवा प्रोग्राम घेऊन.

तुले आठवते त्याची टाय? इतल्या उन्हात टाय. सेठले म्हने, "सेठजी, तुमच्या जुन्यात नुसती अक्षरं. आमच्या नव्यात चित्रं, खिडक्या, रंग. हात फिरवला का काम." त्यानं पडद्यावर राखी रंगाची एक पाटी आनली, तिच्यात पांढरे पांढरे चौकोन. हातात तो वायरीचा गोटा देल्ला. म्या तो फिरवला तं पडद्यावरचा बान कुठच्या कुठी. तू माह्या हातावर हात ठेवला आन म्हनली, "दाबून नोका धरू मावशी, कबुतर हाय असं समजा."

दोन दिवस नवा लावून पाहाचा, असं ठरलं. पह्यल्या दिवशी तू सेठसंग कागद पाहून राह्यली होती आन मी गाठी चढवून राह्यली होती. किसनभाऊ बोले, मी टाको. नंबर, मोठं बटन. वजन, मोठं बटन. जात, मोठं बटन. पडदा साफ होये. जुन्यातबी साफ होये, तं मले वाटलं बरोबर हाय. साठ गाठी चढवल्या. मले तं आनंद झाला, का बापा, नवाबी जमला.

संध्याकायी त्या टायवाल्यानं यादी काढली तं एकशे ऐंशी गाठी.

नव्यात ते मोठं बटन खाली उतरवत नव्हतं. नव्यात त्या बटनाचा अर्थ, झालं, ठेवून द्या. म्या नंबर टाकून दाबलं, एक गाठ झाली. वजन टाकून दाबलं, त्याची दुसरी गाठ झाली. जात टाकून दाबलं, तिची तिसरी. आन त्या मानसानं यादी लहान-मोठ्या आकड्यानं लावून टाकली, तं कोनतं वजन कोनत्या गाठीचं, काहीच समजेना.

सेठ यादीकडे पाह्यत राह्यला. मंग म्हने, "वावरात कापूस नाही, मार्केटात कापूस नाही, आन आमच्या बाईनं एकाच्या तीन गाठी केल्या. बाई, तुमाले तं दिल्लीले पाठवाले पायजे." सारे हासले. टायवालाबी हासला. मी हासली नाही.

तूबी हासली नाही. तू वही घेतली, मले म्हनली, "चला." आपन दोघी गोदामात गेलो. गाठीवर काया शाईनं नंबर आन वजन लिहिलेलं राह्यते, ते एकएक गाठ पाहून तू वाचत गेली आन मी लिहीत गेली. भाकरीचा तुकडा तोंडात धरून तू गाठीच्या मांगं जाये, वाकून वाचे. मी खोकलली तं वही माह्या हातातून घेतली आन म्हनली, "फाटकापाशी उभ्या राहा, तथून ऐका." बाकीच्या साऱ्या तूच लिहिल्या.

आन त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तुले ते बोलली.

तू डबा खाता खाता म्हनली, "मावशी, नवाच घ्याले पायजे. पुढं सारीकडे हाच येनार हाय. जुन्यात आपन इथंच अडकून जाऊ." तू तुह्यासाठी म्हनली असशीन. तुह्या वयाले ते बरोबर होतं. मले तं फक्त खुर्ची दिसली. म्या म्हनलं, "तुले शिकाची हौस हाय, मले जगाचं हाय. नवा आला का माहा घास गेला. म्हन ना सीदं, बुढीले काढाचं हाय म्हनून. मेंदी वाळली, आता मावशी कायले पायजे."

तुह्या हातातला घास तसाच राह्यला. तू डबा बंद केला.

त्याच दुपारी सेठनं तुले आत बलावलं. दरवाजा अर्धा उघडा होता, मी पान्याची घागर घेऊन बाहेर. सेठ म्हने, "नसीम, तुले दोन्हीतलं समजते. तू म्हनशीन ते करू. जुना का नवा?" जीनचे रोलर चालू होते, सारं नाही ऐकू आलं. पन तुहं एक वाक्य साफ ऐकू आलं. "जुनाच राहू द्या, सेठ."

बाहेर आली तवा मी तुह्याकडे पाह्यलं. म्या म्हनलं, "काहून वं?" तू म्हनली, "तुमच्यासाठी नाही, मावशी. उगा फुगू नोका." आन ग्लास भरून पानी पेली. बस. तो विषय तथीच मेला. चार-पाच सालं झाले, ना तू काढला, ना म्या.

आता पाह्य, मी तीन जागचं तीन ऐकून राह्यली.

पह्यलं सेठचं. तुही खबर आली त्या दिवशी सेठ आफिसात डोकं धरून बसला होता. म्हने, "हुशार पोरगी. मी तिले म्हनलं होतं, नवा घेऊ, तू आठ दिवस नागपूरले जा, शिकून ये, सारा खर्चा माहा. तं पोरगीच नाही म्हने. म्हने, सेठ, आपल्याइथं ईज राह्यत नाही. जुना ईज आल्याबरोबर उघडते, नव्याची फाइल बिघडन." मले पटलं. ईज तं जातच होती. एकदा गेली का चार-चार घंटे. तू बरोबरच बोलली असशीन.

दुसरं तुह्या अम्मीचं. तीजाच्या दिवशी अम्मी म्हने, "कौसाबाई, उसकी बहुत तमन्ना थी नागपूर जाने की. अब्बा राजी थे. बॅग बी आनली होती नवी, चैनवाली. मंग एक दिवस जीनवरून आली आन म्हने, सेठ नाही बोले. सेठ खर्चा नाही करते. बॅग वैसीच धरी रही." अम्मी सेठवर नाराज हाय. मले म्हने, "उस आदमीने मेरी बच्ची का रास्ता रोका." मी तिचा हात धरून बसली होती आन तिच्या तोंडाकडे पाहवलं नाही. काहून का सेठनं नाही म्हनलं नव्हतं. तू म्हनलं होतं.

म्या अम्मीले खरं सांगतलं नाही. काय सांगू? मलेच खरं कोनतं ते ठाऊक नाही.

आन तिसरं तुहंच, माह्यासमोरचं. तुमच्यासाठी नाही, मावशी.

सेठले ईज सांगतली, घरी सेठ सांगतला, आन मले सांगतलं का मी नाही. मंग कोन हाय नसीम? कोनासाठी?

मी रोज ह्याचा इचार करतो आन रोज अलग जवाब येते. सकायी वाटते, तू माह्यासाठीच केलं. मी तुले असं बोलली, तुह्या डब्यातला घास राह्यला, आन त्याच दुपारी तू जुन्याचं नाव घेतलं. याच्यात समजाले काय कठीन हाय? दुपारी वाटते, नाही, तुले भेव वाटलं असन. तू एकदा म्हनली होती का मी दिग्रसच्या बाहेर एक रात नाही झोपली, मामूच्या घरीबी नाही. बस लागते म्हने. पुसदच्या दवाखान्यात कम्प्युटरवाली पायजे होती तवा तू गेलती पाहाले, आन वापस आली, म्हने त्याईले नवाच येनारी पायजे. आन वरतं म्हने, "बरंच झालं, बस लागते मले." हासत म्हनली. ते हासनं खरं होतं का, मले नाही सांगता येत. तवा इचारलं असतं तं? पन मी तवाबी गाठीच चढवत होती.

तीजाच्या दुसऱ्या दिवशी तुह्या टेबलाचा खन साफ केला. सेठनं सांगतलं, तिचं जे असन ते अम्मीले देऊन या. कंगवा होता, सेफ्टी पिना, एक मोडकी पेन. आन सारे सामान काढलं तं खाली त्या टायवाल्याचं पुस्तक. नव्या प्रोग्रामचं. पानोपानी पेनशिलीनं खुना केल्या होत्या, पार शेवटच्या पानापर्यंत. तू सारं वाचलं होतं. मशीन नाही, शिकवनारा नाही, आन तू पुस्तक वाचून काढलं. कवा वाचलं? मी समोरच बसत होती. मले तं वाटे, तू कागद पाहून राह्यली.

आता जिले बाहेर जाचं भेव हाय ते पुस्तक कायले वाचन? आन जिले शिकाचंच हाय ते जुनाच राहू द्या कायले म्हनन? मी अडानी बाई. हे कुलूप माह्याच्यानं नाही उघडत. ते पुस्तक म्या अम्मीले देल्लं नाही. तिनं पाह्यलं असतं तं अजून रडली असती. माह्या घरी हाय. हे बरोबर केलं का चूक, तेबी नाही समजत.

तुह्यासंग बसून मी लय काही शिकली, नसीम. खोकला गेला. नातीच्या शायेत सही करतो तं लोकं पाह्यतेत. त्या दुपारपासून चार-पाच सालं म्या थंड्या खोलीत बसून रोटी खाल्ली. ते रोटी कोनाची होती, माही का तुही, हेच आता मले गियता गियत नाही.

आन पाह्य, काय येळ आली. जुनी मशीन आता म्हातारी झाली. मधातच थांबते. सेठनं नवी मांगवली. तीन दिवस झाले, मले आत बलावलं. तुले बलावलं होतं तसंच, तोच दरवाजा, तोच टेबल.

सेठ म्हने, "बाई, नव्या मशीनीत जुना प्रोग्रामबी बसवता येते म्हनते तो नागपूरवाला, आन नवाबी टाकता येते. गाठी तुमी चढवता. नसीम तं राह्यली नाही. तुमीच सांगा, जुना का नवा?"

मले असं वाटलं, कोनी माह्या पाठीमांगं उभं हाय. म्या म्हनलं, "दोन दिवस द्या, सेठ."

"याच्यात दोन दिवस कायचे? जुना तुमाले येते. जुना म्हना, मोकये व्हा."

हो ना. जुना म्हनलं का झालं. खुर्ची माही, हात माहे, बटनं माहे. वय झालं, अजून दोन-तीन हंगाम निंघतीन, मंग कोन इचारते. आन जुना म्हनलं तं तुहाबी शब्द राह्यते. तू ठेवलेलं मी ठेवलं, असं होते. दोन दिवस मी हेच घोकलं. भाकर थापतानी घोकलं, इहारात बसून घोकलं, बुद्धाच्या मूर्तीसमोर मेनबत्ती लावतानी घोकलं. आन दर खेपेले ते पेनशिलीच्या खुना मधात आल्या.

काल गेली. सेठच्या हातात फोन, तो मानूस लाइनीवर. सेठ म्हने, "बोला बाई."

म्या म्हनलं, "नवा टाका."

सेठनं फोनवर हात ठेवला. "आन तुमी?"

"मी शिकन. नाही जमलं तं उठन."

"धुरायात नाही जमनार तुमाले. घरी बसा लागन."

"ठाऊक हाय, सेठ."

बाहेर आली आन पायरीवर बसली. किसनभाऊ म्हने, "काय झालं वं कौसाबाई, चक्कर आली का?" म्या म्हनलं, "काही नाही, ऊन हाय."

नसीम, मले समजत नाही म्या काय केलं. तू माह्यासाठी जुना ठेवला असशीन, तं तुहं देनं म्या एका बोलानं फेकलं. तू तुह्या भेवासाठी ठेवला असशीन, तं ते माह्याकून उघडं पडलं. आन खरंच ईजेसाठी ठेवला असशीन, तं मी येडी हाय, इतल्या दिवसांपासून हवेशी भांडून राह्यली. तिन्हीतून कोनतं, ते सांगनारी तूच एक होती, आन तू कोनालेच सीदं सांगतलं नाही. कायले नाही सांगतलं वं? मी खुर्ची सोडली असती का नसती, मले नाही माहीत. पन तू मले इचाराले पायजे होतं. का इचारलं असतं तं मी पुन्हा तसंच बोलली असती?

सोमवारी तो मानूस येते. मी त्याच्याजवय बसतो. जमन का नाही, कोन जाने.

ह्या साऱ्यात मले एकच गोष्ट साफ दिसते, बाकीचं धुरायात हाय. त्या दिवशी डबा खाताना तुले जे बोलली ते बोलाले नव्हतं पायजे. तू बुढीले काढनारी नव्हती. हे मले तवाच ठाऊक होतं, बोलताबोलताच ठाऊक होतं. त्याच्यानंतर चार-पाच सालं रोज समोर बसत होती तू, हात लांब केला असता तं लागली असती. मी गाठी चढवत बसली. चुकलं माहं, पोरी.